राबणे निराळे, कसरत निराळी

(तालुक्याच्या गावी विद्यार्थी वसतिगृहाच्या पालकसभेत केलेले भाषण)



वसतिगृहाच्या चालकांनी आम्हांस बोलण्यास उभे केले याबद्दल त्यांचे आभार मानून लागलीच मुख्य गोष्टीस हात घालतो. तुमच्यापैकी निम्म्याजणांची परतीची एस.टी. साडेपाचची आहे आणि धारेच्या वेळेस घरी पोचले पाहिजे, हे आम्हांस ठाऊक आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे की प्रोफेसर नव्हे. ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडून खेड्यातील प्राथमिक शाळेत रुजू झालो त्यास वीस वर्षे होऊन गेली. पहिलीत ज्यांचा हात धरून अक्षरे गिरवून घेतली त्यांतील काही मुले-मुली आज याच वसतिगृहात राहून कॉलेजात जातात. आमचा अधिकार असला तर तेवढाच.

चालकांनी आमच्यापुढे जी अडचण ठेवली ती अशी. पहिल्या वर्षाची मुले जून-जुलैत येतात. दिवाळीच्या सुटीपर्यंत त्यांतील काहींची झोप उडालेली असते. काही पानावर बसतात आणि दोन घास खाऊन उठतात. काही विनाकारण हमरीतुमरीवर येतात. एखाददुसरा सुटीस घरी जातो तो परतच येत नाही. आईबाप म्हणतात, "खोली आहे, मेस आहे, फी माफ आहे, मग याला झालंय तरी काय?" गावात याची दोन उत्तरे तयार असतात. एक, पोरगं माजलं. दुसरे, बाहेरचं काही लागलं. पहिल्या उत्तरावर पट्टा हे औषध, आणि दुसऱ्यावर देवरुषी. दोन्हीकडे पैसाही जातो व पोरही जाते. आम्हांस तिसरे उत्तर सांगायचे आहे, आणि ते सांगण्यापूर्वी आमचाच एक गुन्हा तुमच्यासमोर कबूल करणे भाग आहे.

शाळेत मारण्यास व मुलाचा मानसिक छळ करण्यास बंदी घालणारा शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला. त्याच्या तीन वर्षे आधीची गोष्ट. आमच्या चौथीच्या वर्गात एका लोहाराचा मुलगा होता. आठवड्यातून तीनतीनदा उशिरा यायचा. एके दिवशी आम्ही त्यास वर्गापुढे पन्नास उठाबशा काढावयास लावल्या, वर दोन छड्याही दिल्या. पोरगा रडला नाही, बोलला नाही. आम्हांस वाटले, काय निगरगट्ट कार्टे आहे हे! पुढे कळले की त्याचा बाप रात्री पिऊन गटारीच्या कडेला पडायचा. सकाळी आई भात्यावर बसायची, आणि हे नऊ वर्षांचे पोर बापास उठवून, धुवून, घरी आणून मग शाळेत यायचे. ज्या पोरास शाबासकी द्यावयाची त्यास आम्ही उठाबशा दिल्या!

हाच मुलगा पुढे कॉलेजात गेला व दुसऱ्या वर्षास असताना एका संध्याकाळी आमच्या घरी आला. म्हणाला, "गुरुजी, परीक्षेच्या हॉलमध्ये मागं कुणी बाक ओढला तरी छाती धडधडायला लागते, पाठ केलेलं सगळं पुसून जातं. रात्री दोनला जाग येते. जाग का आली तेच कळत नाही." आम्हांस कळले. रात्री दोन ही त्याच्या बापाची घरी येण्याची वेळ होती. बाप वारून तीन वर्षे झाली होती, पण मुलाचे शरीर अजून दाराची कडी वाजण्याची वाट पाहत होते.

मंडळी, हा काही आमच्या मनचा तर्क नव्हे. अमेरिकेत सॅन दिएगो नावाच्या शहरी फेलिटी नावाचे एक डॉक्टर वजन उतरवण्याचा दवाखाना चालवीत होते. चांगले वजन उतरलेली माणसेच मध्ये उपचार सोडून जातात, हे पाहून त्यांनी त्यांची आयुष्ये विचारली, तेव्हा पुष्कळांच्या लहानपणी अत्याचार झालेले निघाले. पुढे त्यांनी व आंडा या दुसऱ्या डॉक्टरांनी मिळून १९९५ ते १९९७ या काळात सतरा हजारांवर माणसांस त्यांच्या बालपणाविषयी प्रश्न विचारले. मारहाण झाली काय? घरात कोणी व्यसनी होते काय? आईला मारताना पाहिले काय? घरातील कोणी तुरुंगात गेले, कोणास वेड लागले, कोणी जीव देण्याचा प्रयत्न केला काय? अंगाशी कोणी वाईट वर्तन केले काय? १९९८ साली पहिला निबंध छापून आला. निम्म्याहून अधिक लोकांनी असा एक तरी प्रकार सोसला होता. ज्यांनी चार किंवा त्याहून अधिक प्रकार सोसले होते, त्यांच्यात दारूचे व्यसन, औदासीन्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका काहीच न सोसलेल्यांच्या चारपट ते बारापट होता. हृदयविकार, फुफ्फुसाचे विकार, यकृताचे विकार हेही अधिक. आणि ही माणसे कंगाल नव्हती बरे का. बहुतेक शिकलीसवरलेली, नोकरीपेशातील, विमा उतरवलेली होती.

त्या डॉक्टरांच्या यादीत सावकार नव्हता. बापाने शेताच्या बांधावर विषाची बाटली तोंडास लावली हे नव्हते. पाणवठ्यावर, शाळेत जातीवरून झालेला अपमान नव्हता. मागाहून जागतिक आरोग्य संघटनेने निरनिराळ्या देशांकरिता जी प्रश्नावली केली तिच्यात आईबापाचा मृत्यू, पोरांनी पोरास छळणे, गल्लीतील हाणामारी, दंगलीसारखा सामुदायिक हिंसाचार यांची भर पडली. आपल्या वाडीवस्तीची यादी केली तर ती आणखी लांबेल. दसरा झाला की बैलगाडीवर नाहीतर ट्रॅक्टरवर संसार लादून जी जोडपी ऊसतोडीस जातात, त्यांस टोळीत माणूस म्हणून मोजीत नाहीत, नवराबायको मिळून 'एक कोयता' मोजतात. त्या कोयत्यामागे जे पोर जाते त्याची मोजदाद कोठे आहे?

आता हे शरीरात कसे उतरते ते आमच्या अल्पमतीप्रमाणे सांगतो. तुमच्या वस्तीवर राखणीचे कुत्रे असेल. एकदा चोर येऊन गेला की ते कुत्रे पुढे पान सळसळले तरी भुंकते. मनुष्याच्या मेंदूतही असा एक राखणदार आहे. संकट दिसले की तो मूत्रपिंडावर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथींस हुकूम सोडतो, त्यांतून रस सुटतात, काळीज जोराने चालते, हातापायांस रक्त पोचते. बिबट्या पुढे आला तर हे उपयोगाचेच. परंतु ज्या लेकराच्या घरी बिबट्या रोज रात्री बापाच्या रूपाने येतो, त्याचा राखणदार दिवसरात्र भुंकतच राहतो. मग झोप मोडते, अन्न पचत नाही, डोके दुखते, लक्ष टिकत नाही. पोर मोठे होते, कॉलेजात जाते, बिबट्या मेलेला असतो, आणि कुत्रे भुंकतच असते. यास तुम्ही माज म्हणाल काय? यास बाधा म्हणाल काय?

कोणी म्हणेल, मग संपलेच की, नशिबात होते ते घडले. हे 'नशीब' प्रकरण फार सोयीचे आहे! आपल्या लोकांस शतकानुशतके हेच सांगून गप्प बसवण्यात आले. त्या सतरा हजारांच्या पाहणीतून धोका वाढतो एवढेच निघाले. प्रत्येकाचा घात होतोच असे कोठेही निघाले नाही. पुष्कळ माणसे असले बालपण काढूनही धडधाकट व शहाणी राहतात. मग त्यांस कशाचा आधार मिळतो? एखादे मायेचे मोठे माणूस, हा पहिला आधार. सोबती, हा दुसरा. आणि ज्यासाठी आज आम्ही उभे आहोत तो आधार म्हणजे कसरत, खेळ, पळणे. तुमच्यातील काहीजण आता गालात हसले ते आम्ही पाहिले. हसा, पण ऐकून घ्या.

अमेरिकेतच एका मोठ्या पाहणीत १९९४ पासून शाळकरी मुलांची नोंद ठेवून, २००८ साली, ती पंचवीस-तीस वर्षांची झाल्यावर त्यांस पुन्हा विचारले गेले. त्यांतील साडेनऊ हजारांवर लोकांची माहिती घेऊन २०१९ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. ज्यांचे बालपण हालात गेले होते, त्यांपैकी जी मुले शाळेत असताना संघात खेळत होती त्यांच्यात मोठेपणी औदासीन्याचा व चिंतेचा आजार न खेळणाऱ्यांपेक्षा कमी आढळला. नॉर्वे देशात जवळजवळ चौतीस हजार लोकांवर अकरा वर्षे लक्ष ठेवले गेले. त्यातून अभ्यासकांनी असा हिशेब मांडला, की प्रत्येकाने आठवड्यास निदान एक तास कसरत केली असती तर औदासीन्याच्या नव्या शंभर रोग्यांतील बारा टळले असते. एक तास, दिवसाचा नव्हे, आठवड्याचा! आणि घाम किती गाळला यास त्यात फारसे महत्त्व दिसले नाही, चालणाऱ्यासही लाभ होता. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या डॉक्टरांनी १९९९ साली औदासीन्याच्या १५६ रोग्यांचे तीन गट केले. एकास गोळ्या, एकास आठवड्यातून तीन वेळा कसरत, एकास दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारलेले दिसले. ते रोगी पन्नाशीपुढचे होते, कॉलेजातील पोरे नव्हती, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. आणखी एक खोट सांगतो. ज्याचे मन बरे असते तोच मैदानावर जातो, ज्याचे खचले आहे तो खोलीत पडून राहतो. तेव्हा खेळामुळे मन बरे की बऱ्या मनामुळे खेळ, हा गुंता अशा पाहण्यांतून पुरा सुटत नाही. परंतु गट पाडून केलेल्या प्रयोगांतही लाभ दिसतो, म्हणून आम्ही छातीठोकपणे बोलतो.

तो लोहाराचा मुलगा आमच्याकडे आला तेव्हा आम्ही त्यास म्हणालो, "अरे, संध्याकाळी मैदानावर जात जा." तो म्हणाला, "गुरुजी, उठाबशा म्हटलं की मला तुमचा वर्ग आठवतो." आम्ही मान खाली घातली. कसरतीची शिक्षा करून आम्ही त्याच्या हातचे औषधच काढून घेतले होते. शेवटी वसतिगृहातील मुलांनी व्हॉलीबॉलला एक गडी कमी पडतो म्हणून त्यास ओढून नेले. महिनाभराने भेटला तेव्हा सांगू लागला, की खेळताना काळीज तसेच धडधडते जसे बाप यायच्या वेळी धडधडायचे. पहिल्या दिवशी तर तो घाबरून बाजूस बसला. पण बसल्यावर दोन मिनिटांत धडधड आपोआप उतरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढली, पुन्हा उतरली. मंडळी, हे त्याचे शब्द आम्ही विसरलेलो नाही. काळीज जोरात चालले म्हणजे संकट आलेच असे नव्हे, ते वाढते तसे उतरतेही, ही गोष्ट शंभर व्याख्यानांनी त्यास पटली नसती. ती त्याच्या शरीरास शरीरानेच शिकवली. मनाचे डॉक्टरही आता असेच सांगतात, की धडधडीची जी भीती असते ती नियमित कसरतीने कमी होते. परीक्षेच्या हॉलमधली त्याची धडधड पुरी गेली असे नाही. पण तो पेपर पुरा करू लागला. पुढे फिटर झाला. रात्री दोनची जाग अजून कधीकधी येते, असे मागच्या वर्षी म्हणाला.

आता तुमच्या मनातील मोठा आक्षेप घेतो, कारण तो आमच्या तोंडावर बोलून दाखवला गेला आहे. येथेच दुसऱ्या वर्षास असलेल्या एका मुलीची आई आम्हांस म्हणाली, "गुरुजी, पळायला कशाला जायचं? सुट्टीला घरी आली की खुरपं देते हातात, तिथंच होतोय की व्यायाम." ही बाई सोळा वर्षे कोयता धरून आहे. तिला व्यायामाची थोरवी सांगण्याचा आम्हांस काय हक्क? जिचा दिवस पहाटे तीनला सुरू होतो आणि जी डोईवरून मोळ्या वाहते, तिला घाम म्हणजे काय ते मास्तराने सांगू नये.

पण तिच्या बोलण्यातील चूक दाखवलीच पाहिजे. डेन्मार्क देशात, कोपनहेगन शहरी, एक लाख चार हजार माणसांची माहिती घेऊन २०२१ साली एक निबंध निघाला. फुरसतीच्या वेळी जे लोक अंगमेहनत करीत, म्हणजे पळत, खेळत, सायकल चालवीत, त्यांस हृदयविकार व मृत्यू कमी. आणि पोटासाठी कामावर जे जड अंगमेहनत करीत त्यांस उलट अधिक! तेच हात, तेच पाय, तोच घाम. मग फळ उलटे का? अभ्यासक म्हणतात, कामाची मेहनत तासन् तास चालते, तीत विसावा आपल्या हाती नसतो, कंबर वाकलेली ती वाकलेलीच राहते, रक्ताचा दाब दिवसभर चढलेला राहतो. कारणांविषयी अजून वाद आहे, तो विद्वानांनी घालावा. मनाच्या स्वास्थ्याविषयीही असेच आढळते, की फुरसतीच्या हालचालीने मन हलके होते, कामाच्या मेहनतीने तसे होत नाही.

बैलासच विचारा ना! नांगरास जुंपलेला बैल आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी मोकळा सोडलेला बैल, दोघेही चालतातच. आपल्या पोरांची शरीरे जन्मल्यापासून दुसऱ्याच्या हुकमाने हलली आहेत. मुकादमाच्या हुकमाने, बापाच्या हुकमाने, आमच्यासारख्या मास्तराच्या हुकमाने. दिवसातून अर्धा तास तरी आपले शरीर आपल्या मर्जीने हलवावे, थकले की थांबावे, हे सुख त्यांस माहीतच नाही. म्हणून आमचे म्हणणे, राबणे निराळे आणि कसरत निराळी.

यावर कोणी म्हणेल, कर्मवीर अण्णांच्या बोर्डिंगातील मुले राबतच नव्हती काय? राबत होती. १९१९ साली काल्यास रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ साली साताऱ्यास बोर्डिंग निघाले, आणि तेथील निरनिराळ्या जातींची पोरे स्वतः स्वयंपाक करीत, शेत कसीत, अंगमेहनत करून शिकत. पण ती मेहनत मुकादमाच्या उचलीपायी नव्हती. तिचे फळ आपल्याच ताटात व आपल्याच शिक्षणात पडते हे प्रत्येक पोरास दिसत होते, आणि शेजारी त्याच्यासारखेच दहा राबत होते. भाऊराव स्वतः उमेदीत कुस्ती खेळलेले. आमच्या मते त्या बोर्डिंगांनी पोरांस पुस्तकांइतकीच ही संगत दिली. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले, आणि त्याच करवीरात १९१२ साली खासबागेचे कुस्तीचे मैदान उभे राहिले. वसतिगृह आणि आखाडा एकाच राजाच्या मनात शेजारी शेजारी होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आणि त्याहीपूर्वीचे उदाहरण घ्या. जोतीराव फुले वर्षाचे होण्याआधीच त्यांची आई गेली. सगुणाबाईंनी त्यांस वाढवले. शाळेत घातले, तर लोकांनी कान भरल्यामुळे वडिलांनी नाव काढून मळ्यात कामास लावले. पुढे गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली व १८४१ साली ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. त्या विद्यार्थिदशेत लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत त्यांनी दांडपट्टा व नेमबाजी शिकली. आता, तालमीमुळे त्यांचे आईविना गेलेले बालपण भरून निघाले असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणारा थापाड्या ठरेल. परंतु मायेने सांभाळणारी एक बाई, बापाकडे शब्द टाकणारे दोन शेजारी, आणि अंगास वळण लावणारा एक वस्ताद, एवढी माणसे त्या पोरास लाभली होती, ही गोष्ट खरी आहे. तुमच्या पोरांस त्यांतील किती लाभली आहेत, हे घरी गेल्यावर बोटे मोडून पाहा.

त्या कोयत्यावाल्या बाईच्या मुलीची हकिकत अर्धी राहिली. ती तिसरीत असताना दिवाळीआधी शाळा सोडून गेली ती पाडव्यास परतली. मधले महिने उसाच्या फडाशेजारी कोपीत धाकट्या भावास सांभाळीत होती. त्या कोपीत तिने काय काय पाहिले व सोसले ते तिने आम्हांस सांगितलेले नाही, आम्हीही विचारलेले नाही. कॉलेजात आल्यावर पोलीस भरतीची तयारी म्हणून पहाटे पळू लागली. भरतीत मुलींस आठशे मीटर असतात, मुलांस सोळाशे. पहिले चार दिवस गावातल्या टवाळांनी शिट्ट्या मारल्या, तेव्हा वसतिगृहातल्या सात मुली तिच्याबरोबर निघाल्या. शिट्ट्या बंद झाल्या. मागच्या भरतीत ती थोडक्या गुणांनी राहिली. आम्हांस वाटले, आता ही पळणे सोडणार. विचारले तर म्हणाली, "भरती हुकली गुरुजी, पण पळताना डोक्यात कुणी बोलत नाही. तेवढा वेळ शांत असतंय." ती अजून पळते. तिची आई समोर बसली आहे, आणि खुरप्याविषयीचे आमचे बोलणे ऐकून ती रागावलेली दिसत नाही, हे आमचे भाग्य!

भरतीच्या पायी एक गोष्ट बिघडते तीही सांगून टाकतो. काही पोरे भरती जवळ आली की दोन महिने जीव तोडून पळतात, कोणी कोठली पावडर घेतो, कोणी इंजेक्शन टोचून घेतो, आणि यादीत नाव नसले की बूट अडगळीत टाकून पुन्हा रात्रभर मोबाईल पाहत बसतात. त्यांच्या लेखी पळणेही पुन्हा एक मुकादमच झाले. इंजेक्शनाने हृदय व यकृत बिघडते, ते घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांस आठवड्यास दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम कसरत सांगितली आहे, म्हणजे रोज अर्धा तास झपझप चालले तरी भागते. शाळकरी पोरांस रोज सरासरी एक तास. यास ना पावडर लागते, ना महागडे बूट.

पण भाऊहो, कसरतीच्या आड लपू नका. रात्री बायकोस मारायचे आणि पोरास सांगायचे 'जा, पळून ये, मन बरं वाटेल', हा शुद्ध दांभिकपणा होय. ज्या घरात बिबट्या जिवंत आहे त्या घरातील कुत्र्यास गप्प बसवणे हे पाप आहे. आधी मार थांबवा, बाटली थांबवा, सतराव्या वर्षी पोरीच्या लग्नाची बोलणी थांबवा. आणि जे पोर जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलते, आठ-आठ दिवस जेवत नाही, अंगावर जखमा करून घेते, त्यास मैदानावर नव्हे, डॉक्टरकडे न्यायचे. १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलिमानस ही मनाच्या दुखण्याची फुकट सेवा २०२२ सालापासून आहे. मराठीत बोलता येते. अठरा वर्षांखालील लेकरावर घरीदारी अत्याचार होत असेल तर १०९८. हे दोन आकडे फळ्यावर लिहून ठेवले आहेत, जाताना उतरून घ्या. लिहिता येत नसेल त्यांनी पोरीकडून उतरून घ्यावे. पोरांस लाजवू नका. "तुझ्या वयात आम्ही दगड फोडले" हे वाक्य महिनाभर तोंडातून काढू नका. आम्हीही काढणार नाही, आम्हांसही सवय आहे.

शेवटी एक काम आहे. कॉलेजच्या मैदानाचे फाटक संध्याकाळी साडेपाचला बंद होते. जिमखान्याची फी सगळ्यांकडून घेतली जाते, आणि मैदान वापरते कोण, तर संघात निवडलेली बारा-पंधरा मुले. वसतिगृहातल्या मुलींस पहाटे सडकेवर ट्रकांच्या उजेडात पळावे लागते. चालकांनी व आम्ही मिळून एक अर्ज लिहिला आहे, की पहाटे पाच ते सात व संध्याकाळी साडेसातपर्यंत फाटक उघडे ठेवावे, दोन दिवे लावावे, आणि मुलींसाठी एक बाई शिक्षिका त्या वेळी हजर असावी. मागच्या महिन्यात तोंडी सांगून पाहिले, तर उत्तर मिळाले की पालकांची तशी मागणी नाही. तेव्हा आता पालकांनी मागणी करावी. अर्ज दाराजवळच्या टेबलावर आहे. सहीवाल्यांनी सही करावी, अंगठ्यासाठी शाईचे पॅड ठेवले आहे. बायांनीही करावी, नवऱ्याची सही झाली म्हणून आपली राहू देऊ नये. एस.टी.स अजून पंचवीस मिनिटे आहेत.